परक्या युद्धातला खलाशी

शौर्यपदकांबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून थोडी अढी आहे. माणसांबद्दल नाही, पदकांबद्दल. कुणीतरी कुठंतरी कुणाला तरी मारलेलं असतं, नाहीतर स्वतः मरता मरता वाचलेला असतो, आणि मग बाकीच्यांनी वर्षानुवर्षं त्या धातूच्या तुकड्याकडे बघून माना डोलवायच्या. नवऱ्याला माझं हे बोलणं आवडत नाही. त्याचे एक काका इंग्रजांच्या पलटणीत सुभेदार होते. त्यांची पदकं काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर असायची आणि लहानपणी एकदा त्या फ्रेमला हात लावला म्हणून त्यानं मार खाल्ला होता. "तू जरा जास्तच कडू बोलतेस," असं तो म्हणतो. बोलत असेन. पण ज्या पदकाची ही हकिगत आहे ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बटणांच्या डब्यात होतं, आणि माझ्या सासूबाई त्या डब्यात हात घालून कोटाला शोभेलसं बटण शोधत होत्या.

आम्ही तेव्हा व्हिटबीत राहत होतो. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅनडात आलो, आधी टोरांटोत दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहिलो आणि मग नवऱ्याला ओशावाच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून सरोवराच्या काठच्या या गावात घर घेतलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होते. सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडे आल्या. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. टोरांटोत आमची मोजकी घरं होती, व्हिटबीत आम्हीच. पलीकडच्या रस्त्यावर एक मराठी डॉक्टर होते, ते गणपतीला बोलवायचे आणि आम्ही हौसेनं जायचो. एरवी सासूबाईंना दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. मी आणि नवरा कामावर, मुलगी शाळेत. ती घरी आली तरी आजीच्या प्रत्येक मराठी प्रश्नाला इंग्रजीतच उत्तर द्यायची.

म्हणून शेजारच्या मिसशी त्यांचं जमलं. मिस म्हणजे ऐंशीच्या पुढची, लग्न न केलेली, गावच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेली बाई. चाळिशीच्या पुढचं सगळं व्हिटबी त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. बँकेचा मॅनेजरही त्यांना रस्त्यात बघून हातातली सिगारेट मागं लपवायचा. सगळं गाव त्यांना मिस म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. सासूबाई म्हणायच्या मिसबाय.

दोघींची ओळख एका खाण्याच्या पदार्थावरून झाली. मिसनी नव्या शेजारणीसाठी रुबार्बच्या आंबट देठांची पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, करून आणली. सासूबाईंनी ती उलटसुलट बघितली, वास घेतला आणि मला म्हणाल्या, "विचार गो तिला, तूप कसलं घातलंय." मी संकोचत विचारलं. डुकराची चरबी होती, आम्हा ज्यूंना वर्ज्य. सासूबाईंनी पाय दोन्ही हातांनी, अगदी मानानं, मिसना परत दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्या आठवड्यात मिस दुसरी पाय घेऊन हजर. "वनस्पती तेल. डबा आणलाय, लेबल वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. तिथून पुढं दोघी रोज दुपारी मिसच्या स्वयंपाकघरात बसायला लागल्या. सासूबाई मराठीत बोलायच्या, मिस इंग्रजीत. कधी मला सुट्टी असली तर मी दुभाषी. नसले तरी त्यांचं काही अडत नव्हतं.

त्या ऑक्टोबरमध्ये सासूबाईंच्या कोटाचं बटण हरवलं आणि मिसनी आपला डबा काढला. तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा, आत शे-दीडशे बटणं. त्यातून सासूबाईंच्या हाताला लागला एक पितळी तारा. पाच टोकांचा, वर छोटा नांगर, नांगरात अडकवलेली रेशमी फीत पार विरून गेलेली.

"हे काही बटण नव्हे," सासूबाई म्हणाल्या.

भाषांतराची गरज नव्हती. मिसनी तो तारा त्यांच्या हातातून घेतला, पदराला पुसावा तसा ॲप्रनला पुसला आणि म्हणाल्या, "हे माझ्या वडिलांचं. अमेरिकेच्या नौदलाचं शौर्यपदक आहे. याच्याहून मोठं पदक तिकडे नाही."

मी मनात म्हटलं, झालं, आता माना डोलवा.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी सासूबाईंना तुकड्यातुकड्यांनी मराठीत सांगत गेले. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं, उत्तरेचे आणि दक्षिणेचे लोक गुलामगिरीच्या प्रश्नावरून एकमेकांच्या जिवावर उठले होते. मिसचे वडील तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे. व्हिटबीच्या बंदरातून जवाचं पीक शिडाच्या जहाजांवर लादून सरोवरापलीकडे अमेरिकेत जायचं, त्या जहाजांवर ते काम करत. एका फेरीत पलीकडे उतरले आणि परत आलेच नाहीत. तिकडे नौदलात भरती झाले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कुणी म्हणायचं पगारासाठी, कुणी म्हणायचं बापाशी भांडून. व्हिटबीतल्या पोराला त्या भांडणाशी काय देणंघेणं? सासूबाईंनी हाच प्रश्न विचारला आणि मिस म्हणाल्या, "काही नाही. दुसऱ्याच्या घरातलं भांडण होतं."

जहाज वाफेवर चालणारं होतं आणि त्यांचं काम तळाशी, बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकायचं. दक्षिणेकडच्या एका खाडीच्या तोंडाशी किल्ला होता. त्याच्या तोफांखालून जहाजांना आत घुसायचं होतं. वर काय चाललंय ते खाली काही दिसत नसे, फक्त दणके ऐकू यायचे. एक गोळा जहाजाची कूस फोडून थेट बॉयलरमध्ये घुसला. क्षणात सगळा तळ उकळत्या वाफेनं भरला. जे शिडीजवळ होते ते वर पळाले. दुसरा बॉयलर अजून शाबूत होता, पण त्याचं पाणी झपाट्यानं उतरत होतं. त्याच्याखालचा जाळ ओढून काढला नसता तर तोही फुटला असता आणि जहाज माणसांसकट बुडालं असतं. तो जाळ या पोरानं काढला. मग वर आला, आणि एक सोबती खाली राहिलाय म्हणून पुन्हा आत गेला आणि त्याला ओढत वर घेऊन आला. दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजून निघाला. युद्ध संपल्यावर हा तारा छातीला लागला.

"सोबती वाचला?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन दिवस," मिस म्हणाल्या.

सासूबाईंनी जिभेनं चुकचुक केलं आणि बटण शोधायचं थांबवलं.

मिसना एक गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी त्याच दुपारी सांगितली. येत्या वसंतात त्या घर विकून वृद्धाश्रमात जाणार होत्या. त्याआधी एकदा, एकदाच, अकरा नोव्हेंबरला गावच्या स्मारकापुढे वडिलांचं नाव मोठ्यानं घेतलं जावं. अकरा नोव्हेंबर म्हणजे कॅनडातला शहीद सैनिकांना आठवायचा दिवस. कोटाला पॉपीचं लाल कापडी फूल लावून सगळं गाव स्मारकाशी जमतं, दोन्ही महायुद्धांत गेलेल्या गावच्या पोरांची नावं वाचतात, बिगुल वाजतो, दोन मिनिटं शांतता पाळतात. मिसनी त्याच आठवड्यात माजी सैनिकांच्या समितीच्या अध्यक्षांना विचारलं होतं. तेही त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी अतिशय अदबीनं नाही म्हटलं होतं. ती नावं या देशासाठी मेलेल्यांची आहेत, मिस. तुमचे वडील दुसऱ्या देशासाठी लढले, आणि घरी येऊन म्हातारे होऊन गेले. आज तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या कुणाकुणासाठी मोडू?

मला खरं सांगायचं तर अध्यक्षांचं म्हणणं पटलं. मी जरा फटकळपणे म्हणूनही गेले, की पदक मिळालं, ते खरं आहे, घरात आहे, आता गावानं टाळ्या वाजवल्याच पाहिजेत असं कशाला?

मिस माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघत असतील तशा. मग म्हणाल्या, "टाळ्या कुणाला हव्यात?" आणि त्यांनी मला ती दुसरी गोष्ट सांगितली.

वडिलांचं लग्न फार उशिरा झालं आणि बायको बाळंतपणातच गेली. मिसना त्यांनीच वाढवलं. बंदरावरच्या धान्याच्या कोठारावर ते राखणदार होते. हातांची बोटं आखडून एकमेकांना चिकटली होती, तरी ते केस विंचरून वेण्या घालून द्यायचे. चेहऱ्याची एक बाजू वितळलेल्या मेणासारखी. गावाला सवय होती, मिसनाही होती. त्या नऊ वर्षांच्या असताना गावात नवा पाद्री आला. त्याला मिसच्याच वयाची मुलगी होती, शहरातली, छान कपड्यांतली, आणि तिनं पहिल्याच रविवारी मिसशी मैत्री केली. चर्च सुटल्यावर दोघी पायऱ्यांवर उभ्या होत्या. मिसचा स्कार्फ घरी राहिला होता, तो घेऊन वडील थंडीतून चालत आले. नवी मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दचकली आणि हळूच म्हणाली, हा कोण?

"मी म्हटलं, आमच्याकडे कामाला असतो."

आणि वडिलांनी ते ऐकलं होतं. त्यांनी स्कार्फ मिसच्या हातात दिला, टोपीला हात लावला आणि म्हणाले, "येतो मी, मिस."

"त्यानंतर," मिस म्हणाल्या, "सगळं गाव मला जन्मभर त्याच नावानं हाक मारत आलं."

घरी त्या संध्याकाळी वडिलांनी नेहमीसारखा पाव कापला, नेहमीसारखं शाळेचं विचारलं. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मिसनीही नाही. पाद्र्याच्या मुलीला महिन्याभरात खरं कळलंच. सगळ्या गावाला ठाऊक होतं तो माणूस कोण ते. पण मिस पुढं त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालल्या नाहीत. काहीतरी कारण काढून मागं राहायच्या नाहीतर पुढं जायच्या. शिक्षिका व्हायला दुसऱ्या गावी गेल्या, तिथं असताना वडील वारले. "तेव्हा मी नऊ वर्षांची होते," त्या म्हणाल्या, "म्हणून त्या दिवसाचं मी स्वतःला माफ करू शकते. पण नंतर मी नऊ वर्षांची नव्हते."

हे मी सासूबाईंना मराठीत सांगत होते. सांगता सांगता माझ्या डोळ्यांपुढं माझीच मुलगी आली. सासूबाई नऊवारी नेसायच्या. इथल्या थंडीत त्या नऊवारीवर माझ्या नवऱ्याचा जुना पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, चढवायच्या आणि पायांत बर्फातले बूट. अशा थाटात आम्ही ग्रोसरीला निघालो की मुलगी हळूहळू पुढं सरकायची. इतकी पुढं, की बघणाऱ्याला वाटावं ही कुणा दुसऱ्यांबरोबर आली आहे. मी तिला त्यावरून कधी बोलले नव्हते. काय बोलणार? मीही कामावर डब्यात बोंबलाची चटणी न्यायची बंद केली होती.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं डोळे पुसतील, मिसच्या पाठीवर हात फिरवतील. त्यातलं काही त्यांनी केलं नाही. म्हणाल्या, "मग आता घे म्हणावं नाव. कुणी तोंड धरलंय तिचं?"

"आई, समितीनं परवानगी नाही दिली."

"नाव घ्यायला परवानगी कसली?" सासूबाई चिडल्याच. "आमच्याकडं किप्पुरच्या उपासाला मशिदीत काय होतं? हजान मेलेल्यांची प्रार्थना म्हणतो आणि थांबतो. तो थांबला की ज्यानं त्यानं आपापल्या माणसाचं नाव घ्यायचं. वर बायकांच्या गॅलरीतनं आम्ही पण घेतो. हजान काय विचारतो, कुठल्या लढाईत मेला म्हणून?"

मशीद म्हणजे आमच्या बोलीत आमचं प्रार्थनास्थळ. सासूबाईंच्या माहेरी, रेवदंड्याकडे, ही पद्धत होती. प्रार्थना चालवणारा हजान मुद्दाम थांबायचा, आणि त्या शांततेत घराघरांतून नावं यायची. अमुक बेन तमुक, म्हणजे तमक्याचा मुलगा अमुक; आधी स्वतःचं नाव आणि मग बापाचं. नाव घेतलं नाही तर तो माणूस दारात ताटकळत राहतो, असं सासूबाई म्हणायच्या. मी हे मिसना समजावलं. त्या हसल्या. "तुझ्या सासूला सांग, या गावात गवतावर उभं राहायलाही परवानगी लागते."

पण सासूबाईंनी त्यांच्याकडून वडिलांचं नाव विचारून घेतलं. आणि वडिलांच्या वडिलांचंही. पुढचे काही दिवस पोळ्या लाटताना त्या ती दोन इंग्रजी नावं तोंडात घोळवत होत्या. मी म्हटलं, आई, हे कशाला? म्हणाल्या, असू दे, पाठ असलेलं बरं. मला वाटलं, आमच्या घरच्या प्रार्थनेत घालतील. घालू देत, कुणाचं काय जातंय.

एका रात्री जेवताना नवऱ्यापुढं हा विषय निघाला. मिसनी मला आणखी एक सांगितलं होतं, जे पदकाबरोबरच्या मानपत्रात नव्हतं. वडील आयुष्यात एकदाच त्या दिवसाबद्दल बोलले होते, आणि तेही स्वतःच्या शौर्याविरुद्ध. म्हणाले होते, वाफेत काही दिसत नव्हतं. मी पळतच होतो. मला वाटलं शिडी इकडे आहे, म्हणून धावलो, तर समोर भट्टी. जाळ ओढायचा दांडा हाताला लागला आणि हातांनी रोजचं काम केलं. चुकून. बाहेर पडायची वाट चुकलो म्हणून मला पदक मिळालं.

"बघ," मी नवऱ्याला म्हटलं, "मी काय म्हणते? तुमची पदकं अशी असतात."

नवरा म्हणाला, "वाट चुकला असेल, पण जहाज वाचलं ना? परिणाम महत्त्वाचा." इंजिनिअर माणूस.

सासूबाई भातावर कालवण घेत होत्या. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा वाट चुकला. मग शिडी सापडली, वर आला, गार वारा लागला. आता वाट कळली की नाही? मग परत खाली का गेला?"

खरंच, मी त्याचा विचारच केला नव्हता. पहिल्या वेळेला त्याला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळेला सगळं माहीत होतं: वाफ काय असते, हातांचं काय झालंय, शिडी कुठं आहे. आणि मानपत्रात नेमकं पहिल्या वेळेचं कौतुक होतं. त्या दिवसापासून पदकांबद्दलची माझी अढी गेली असं म्हणणार नाही. पण शौर्य म्हणजे न घाबरणं असं जे आपण धरून चालतो ते काही खरं नाही, एवढं मला पटलं. भीती काय असते ते पुरतं कळल्यावर माणूस काय करतो, तिथून पुढं ते सुरू होत असावं. आणि हे मला विद्यापीठाच्या दोन पदव्यांनी सांगितलं नव्हतं, कालवण वाढून घेणाऱ्या बाईनं सांगितलं, याचा थोडा रागही आला.

अकरा नोव्हेंबरला आभाळ शिशासारखं होतं आणि सरोवराकडून बोचरा वारा सुटला होता. सकाळी मुलीनं विचारलं, "इज आजी कमिंग टू?" शाळेचे वर्ग रांगेनं स्मारकाला येणार होते, तिचाही. मी हो म्हटलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "डू यू गाइज हॅव टू स्टँड अॅट द फ्रंट?" तिच्या वयात मला तिच्यासारखंच वाटलं असतं, आणि तरीही मला तिचा राग आला.

मिस आल्या त्या काळ्या कोटावर तारा लावून. विरलेली फीत काढून त्यांनी निळ्या रिबनचा तुकडा शिवला होता. सत्तर-ऐंशी वर्षांत तो पहिल्यांदा उजेडात आला असावा. लोक बघत होते, पण कुणी विचारलं नाही. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. आम्ही दुसऱ्या रांगेत उभे राहिलो: मधे मिस, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासूबाई, नऊवारी, पार्का, बूट आणि पार्क्यावर पॉपी.

अध्यक्षांनी नावं वाचली. आडनावांच्या अक्षरांप्रमाणे वाचत होते. मिसच्या आडनावाचं अक्षर आलं आणि पुढं गेलं. मिस समोर बघत होत्या. त्यांना काही बोलायचं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून मुळीच वाटत नव्हतं. त्या नुसत्या तारा लावून उभ्या राहायला आल्या होत्या, आणि तेवढ्यावरच घरी जाणार होत्या.

बिगुल वाजला. थांबला. दोन मिनिटांची शांतता सुरू झाली.

सासूबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. माझ्या एकदम लक्षात आलं की त्यांच्या डोक्यात काय चाललंय. नावं वाचून झाली होती आणि हजान थांबला होता. आता घराघरांतून नावं यायला हवी होती आणि एवढ्या मोठ्या गावातला एकही माणूस तोंड उघडत नव्हता.

"कुणी बोलत कसं नाही गो?" त्या कुजबुजल्या.

मी मिसच्या पाठीमागून हात घालून त्यांचा पार्का ओढला. "आई, शू."

त्यांनी कोपरानं मिसना हळूच ढोसलं. मिस हलल्या नाहीत. आणि मग सासूबाईंनी मान वर केली, आणि बायकांच्या गॅलरीतून खाली हजानला ऐकू जावं अशा खणखणीत आवाजात ते नाव घेतलं. आधी खलाशाचं, मग "बेन", मग त्याच्या बापाचं.

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पुढच्या रांगेतली डोकी वळली. मुलांच्या रांगेतून खिदळण्याचा एक आवाज आला आणि कुणीतरी तो दाबला. मी मुलीकडे पाहिलं. ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती, कान लालबुंद. स्मारकापाशी अध्यक्ष ताठ उभे होते, पण त्यांची मान वळत होती.

तेवढ्यात मिसनी तेच नाव घेतलं. स्पष्ट, संथ, शेवटच्या बाकावर ऐकू जाणाऱ्या मास्तरणीच्या आवाजात. आणि पुढं म्हणाल्या, "ते माझे वडील होते."

त्यानंतर कुणी वळून पाहिलं नाही, कुणी खिदळलं नाही. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती तेवढीच ऐकू येत होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मिस रडत नव्हत्या. त्यांचा हात सासूबाईंच्या पार्क्याच्या बाहीत घट्ट रुतला होता.

पुन्हा बिगुल वाजला, पुष्पचक्रं वाहिली, गर्दी हलायला लागली. शाळेच्या रांगा परत निघाल्या. आमच्या समोरून जाताना मुलीनं हात हलवला. कमरेच्या उंचीवर, शेजारच्या मुलीला दिसू नये इतपतच. सासूबाईंनी तिला दोन्ही हात वर करून उत्तर दिलं.

अध्यक्ष आमच्याकडे येताना दिसले. मी माफीची वाक्यं जुळवायला लागले: आमच्या सासूबाईंना इथली पद्धत माहीत नाही, आमच्या समाजात असं असतं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. ते मिसपुढं येऊन उभे राहिले, टोपी काखेत घेतली. रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. त्या दगडावर त्यांच्या धाकट्या भावाचंही नाव होतं, हे मला ठाऊक होतं.

"मिस," ते म्हणाले, "ती दोन मिनिटं शांतता पाळायची होती."

"हो," मिस म्हणाल्या. "मी ती सत्तर वर्षं पाळली आहे."

ते तिथंच उभे राहिले, टोपी तशीच काखेत.

सासूबाईंनी माझी बाही ओढली. "काय म्हणाली गो?"

मी सांगितलं.

सासूबाईंनी मिसचा हात आपल्या हातात घेतला आणि मराठीतच म्हणाल्या, "मग आता पुरे."